दफ्तराच्या खोलीला वाली कसा मिळवायचा?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कोल्हापुरातल्या जुन्या शिक्षणसंस्थेचं दफ्तर तुमच्याकडं आहे, सचिव म्हणतात "ही रद्दी काढा, खोली मोकळी करा", आणि ९ जूनच्या आंतरराष्ट्रीय अभिलेखागार दिनाला प्रदर्शन भरवून लोकांचे डोळे उघडावेत असं तुम्हाला वाटतंय.

प्रदर्शनात मी स्वतः तोंडावर आपटलोय, म्हणून आधी तेच सांगतो. मी ज्या संस्थेत होतो तिथं आम्ही मोडीतली पत्रं, जुने शिक्के, संस्थानकाळातले हुकूम काचेत मांडले होते. गर्दी झाली, फोटो निघाले, अभिप्रायाच्या वहीत "स्तुत्य उपक्रम" असं पानोपानी आलं. दोन महिन्यांनी त्याच खोलीतली दोन कपाटं व्हरांड्यात गेली आणि तिथं झेरॉक्सचं मशीन बसलं. आम्ही आरडाओरडा केला तेव्हा वहीत सही करणाऱ्यांपैकी एक माणूस फिरकला नाही. काचेतला कागद बघून माणूस भारावतो, पण तो आपला आहे असं त्याला वाटत नाही. २६ जुलै १९०२ ही तारीख घ्या. शाहू महाराजांनी मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखल्या, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. तो हुकूम करवीर सरकारच्या गॅझेटात छापला गेला, म्हणून आज दाखवता येतो. पण त्या गॅझेटाच्या फायली कुठं आहेत, कशा अवस्थेत आहेत, हे विचारणारा मला क्वचितच भेटला.

तुमचा खरा ऐवज जनरल रजिस्टर आहे, म्हणजे शाळेत आलेल्या प्रत्येक पोराचं नाव, जात, जन्मतारीख लिहिलेलं प्रवेशाचं पुस्तक. जूनमध्ये तुमच्या खिडकीशी कोण येतं ते आठवा. जातीचा दाखला, जात पडताळणी, पणजोबांचा प्रवेश-निर्गम उतारा. इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा. म्हणजे सचिव ज्याला रद्दी म्हणतात त्यातल्या एका ओळीवर पोराचं इंजिनिअरिंगचं ॲडमिशन अडलेलं असतं. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना अचानक किती भाव आला ते आपण पाहिलंच. तोवर हीच मंडळी "काय ते किडे-मुंग्यांचं अक्षर वाचत बसता" अशी चेष्टा ऐकून घेत होती.

तेव्हा ९ जूनला हार-तुऱ्यांचा कार्यक्रम नको. उतारा न्यायला आलेल्या माणसाला दोन मिनिटं आत बोलवा, मूळ रजिस्टर उघडून त्याच्या पणजोबाची ओळ दाखवा. मात्र वरखालच्या ओळींवर कोरा कागद ठेवायला विसरू नका. त्या रकान्यांत दुसऱ्यांच्या जाती, जन्मतारखा, कुणाच्या घरच्या अडचणी असतात. त्या चारचौघांत वाचायच्या नाहीत. याच कारणासाठी रजिस्टरचं पान प्रदर्शनात किंवा व्हॉट्सॲपवर टाकायला माझा पक्का विरोध आहे, कितीही जुनं असलं तरी. मी एका म्हाताऱ्याला असं पान दाखवलं होतं. ते काही बोलले नाहीत, नुसतं त्या नावावरून बोट फिरवत राहिले. पुढं संस्थेच्या सभेत "ती खोली हलवायची नाही" म्हणून पहिल्यांदा उठले ते तेच.

साधी वही घाला: तारीख, काय मागितलं, सापडलं की नाही. माणसाचं नाव लिहायची गरज नाही. वर्षभरानं ही वही सचिवांपुढं ठेवा. त्यांच्याशी वारसा, संस्कृती असलं बोलू नका, त्यांना जांभई येते. जनरल रजिस्टर कायम जतन करायचं दफ्तर आहे, ते गहाळ झालं तर उत्तर मुख्याध्यापकांना द्यावं लागेल, एवढं सांगा. संस्था अनुदानित असेल तर माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ दाखवा, अभिलेख सूचीबद्ध करून ठेवायचं बंधन त्यात पहिल्याच पोटकलमात आहे. एवढ्यावर बहुतेक सचिव गप्प होतात.

आता पाणी. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीचे आकडे कोल्हापूरकराला झोपेत विचारले तरी सांगेल: ३९ फूट इशारा, ४३ धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ओळखीच्या एका संस्थेत पाणी शिरायच्या आधी चार तास हाताशी होते. पोरांनी कॉम्प्युटर वर नेले, खुर्च्या नेल्या, कार्यालयातला सोफासुद्धा उचलला. तळमजल्यावरचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, तिथंच राहिले. पोरांचा दोष नव्हता, त्या कापडाच्या गाठोड्यांत काय आहे हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. पाणी उतरल्यावर आम्ही गेलो तेव्हा बुरशी धरली होती. भिजल्या कागदाला उकाड्यात दोन दिवस पुरतात. काहींनी घाईनं रुमाल सोडून पानं ओढली, ती लगद्यासारखी हातात आली. तसल्या वेळी गठ्ठा जसाच्या तसा उचलायचा, बाहेरचं पाणी निथळू द्यायचं, पंख्याखाली सावलीत ठेवायचं, उन्हात नाही.

म्हणून माझ्या मते तुमच्या जनजागृतीचे पहिले श्रोते शिपाई, वॉचमन आणि होस्टेलची पोरं. पत्रकाराला नंतर बोलवा. त्यांना खोलीत नेऊन दाखवा, आधी उचलायच्या कपाटांवर लाल रंगाची पट्टी मारा, आणि जून संपायच्या आत एकदा खरोखर गठ्ठे उचलून जिना चढायला लावा, म्हणजे किती वेळ लागतो ते कळेल. आणि वरच्या मजल्याची किल्ली कुणाकडं असते ते आजच विचारून घ्या. त्या संस्थेत ती ज्याच्याकडं होती, तो त्या दिवशी गावाला गेला होता. सोफा शेवटी जिन्यातच राहिला.