पायथनमधला मल्टिथ्रेडेड प्रोग्राम मध्येच अडकतो, एरर येत नाही. चूक शोधायची कशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सुमारे ३०० वेबपानं थ्रेडपूलएक्झिक्युटरमध्ये (कामं थ्रेडना वाटून देणारी पायथनची सोय) २० थ्रेड (एकाच प्रोग्राममध्ये सोबत चालणारे कामाचे धागे) लावून रिक्वेस्ट्स या लायब्ररीने उतरवायची आणि त्यातले आकडे एसक्यूलाइट या एका फाइलमधल्या डेटाबेसमध्ये भरायचे. कधी २८० नोंदी भरतात, कधी प्रोग्राम मध्येच थांबून राहतो, एरर दिसत नाही. साध्या फॉर लूपमध्ये एकेक पान घेतलं की सगळं व्यवस्थित. सगळीकडे लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला पुढे जाऊ देणारी कडी) लावूनही फरक पडला नाही, असंही तुम्ही लिहिलंय.

ते लॉक आधी काढा. नोंदी कमी भरणं आणि प्रोग्राम थांबून राहणं हे दोन वेगळे आजार आहेत, आणि आजार कळायच्या आत लावलेल्या लॉकमुळे तिसरा जडतो. थ्रेडच्या बाबतीत कोड वाचून अंदाज बांधण्यात दिवस जातात. त्यापेक्षा चालू प्रोग्रामलाच विचारा, की कुठला थ्रेड आत्ता कुठल्या ओळीवर उभा आहे.

यासाठी पायथनसोबतच येणारं फॉल्टहँडलर नावाचं मॉड्यूल आहे. प्रोग्रामच्या सुरुवातीला त्याचं डंप_ट्रेसबॅक_लेटर हे फंक्शन ६० सेकंद आणि रिपीट=ट्रू देऊन बोलवा. मग दर मिनिटाला सगळ्या थ्रेडचे ट्रेसबॅक (कोण कुठल्या ओळीवर आहे त्याची यादी) एरर आउटपुटवर छापले जातात. प्रोग्राम आधीच चालू आहे, अडकलाय आणि बंद करायचा नाही, अशा वेळी पाय-स्पाय हे टूल घ्या. त्याच्या डंप कमांडला प्रोसेसचा नंबर दिला की तीच माहिती बाहेरून मिळते, कोडला हात लावावा लागत नाही. लिनक्सवर बहुतेकदा सुडो, म्हणजे अ‍ॅडमिनचा अधिकार, लागतं.

हा ट्रेसबॅक वाचायचा कसा, ते माझ्या एका जुन्या कामावरून सांगतो. रात्री क्रॉनवर (ठरल्या वेळी प्रोग्राम आपोआप चालवणारी सोय) बिलांच्या पीडीएफ तयार करणारा प्रोग्राम होता. एक क्यू, म्हणजे कामांची रांग, आणि त्यावर ८ वर्कर थ्रेड. महिन्यातून दोन-तीनदा तो सकाळपर्यंत संपलेलाच नसायचा. आम्ही तुमच्यासारखेच लॉक वाढवत गेलो. शेवटी एका सकाळी, प्रोग्राम अडकलेला असतानाच, पाय-स्पायने ट्रेसबॅक काढला. मुख्य थ्रेड क्यूच्या जॉइनमध्ये थांबला होता, म्हणजे सगळी कामं उरकण्याची वाट पाहत होता. वर्कर सगळे क्यूच्या गेट (get) या फंक्शनमध्ये, म्हणजे नव्या कामाची वाट पाहत. काम शिल्लक नाही, तरी मुख्य थ्रेडच्या हिशेबी काम संपलेलं नाही. मी तो ट्रेसबॅक कागदावर उतरवून वर्कर मोजले. सातच भरले. आठवा यादीत नव्हताच.

एका ग्राहकाच्या पत्त्याच्या रकान्यात काहीच नव्हतं, तिथे नन (None, म्हणजे रिकामं मूल्य) आला, त्यावर स्ट्रिप बोलवलं गेलं आणि तो थ्रेड एक्सेप्शन येऊन मेला. मरण्याआधी टास्क_डन, म्हणजे 'हे काम झालं', म्हणायचं राहून गेलं. क्यूचं जॉइन टास्क_डनचा हिशेब जुळेपर्यंत थांबतं, त्यामुळे एका कामाची बाकी कायम राहिली. थ्रेडमधलं एक्सेप्शन मुख्य थ्रेडपर्यंत येत नाही. ते फक्त एरर आउटपुटवर छापलं जातं, आणि आमच्या क्रॉनच्या ओळीत ते आउटपुट डेव्ह-नलमध्ये टाकलेलं, म्हणजे फेकून दिलेलं होतं. टास्क_डन फायनलीमध्ये नेलं, एक्सेप्शन लॉगमध्ये लिहिलं, आणि ते अडकणं तिथेच थांबलं. महिनाभर लावलेले सगळे लॉक त्याच दिवशी काढून टाकले. तेव्हापासून डंप हातात आला की मी आधी थ्रेड मोजतो, मग ओळी वाचतो.

आता तुमचं. नोंदी कमी भरतात यामागे गिळलं गेलेलं एक्सेप्शन असणार, याची मला जवळजवळ खात्री आहे. एक्झिक्युटरच्या सबमिटमधून एक फ्यूचर, म्हणजे पुढे येणाऱ्या निकालाची पावती, परत येतो. काम करताना एक्सेप्शन आलं तर ते त्या फ्यूचरमध्ये ठेवलं जातं आणि तुम्ही रिझल्ट मागाल तेव्हाच वर येतं. तुम्ही दिलेल्या कोडमध्ये रिझल्ट कुठेच मागितलेला नाही. विथ ब्लॉक सगळी कामं संपेपर्यंत थांबतो, पण बिघडलेल्या कामाबद्दल अवाक्षर काढत नाही. आमच्या प्रोग्राममध्ये साधे थ्रेड होते, तिथे निदान काहीतरी छापलं तरी जात होतं. एक्झिक्युटरमध्ये तेवढंही नाही.

तेव्हा प्रत्येक फ्यूचर आणि त्याचं पान यांची एक डिक्शनरी करा. मग अ‍ॅज_कम्प्लीटेडच्या (जो फ्यूचर आधी संपेल तो आधी देणाऱ्या) लूपमध्ये ट्रायच्या आत रिझल्ट मागा आणि एक्सेप्टमध्ये पानाच्या पत्त्यासकट पूर्ण ट्रेसबॅक लॉग करा. त्या २० गहाळ नोंदी नावानिशी समोर येतील. दोन गोष्टी निघण्याचा संभव जास्त. एक, 'डेटाबेस इज लॉक्ड'. प्रत्येक थ्रेड स्वतःचं कनेक्शन उघडून एकाच फाइलमध्ये लिहायला जातो, एसक्यूलाइट एका वेळी एकालाच लिहू देतं, आणि पायथनच्या मॉड्यूलमध्ये ठरलेली वाट पाहण्याची मुदत ५ सेकंदांची आहे. दुसरं, एकदम २० विनंत्या आल्या म्हणून सर्व्हर ४२९ ('फार विनंत्या झाल्या' असा नकार) पाठवत असेल. रिक्वेस्ट्स अशा उत्तरावर आपणहून एक्सेप्शन देत नाही. रेज_फॉर_स्टेटस बोलवलं नाही, तर ते नकाराचं पानच तुमच्या पार्सरकडे जातं आणि तो भलत्याच ठिकाणी पडतो.

पहिल्यावर उपाय म्हणजे थ्रेडना फक्त पानं उतरवू द्या, त्यांनी आकडे परत करावेत, आणि डेटाबेसमध्ये लिहिण्याचं काम एकट्या मुख्य थ्रेडने त्याच अ‍ॅज_कम्प्लीटेडच्या लूपमध्ये करावं. मग लॉकची गरजच उरत नाही. दोन थ्रेडनी मिळून बदलायची गोष्ट जेवढी कमी, तेवढी शांत झोप लागते, हे मी मनापासून सांगतोय.

अडकण्याचं कारणही बहुधा साधंच निघेल. रिक्वेस्ट्सच्या गेट (get) फंक्शनला टाइमआउट दिला नाही तर ते अनंत काळ थांबू शकतं. फॉल्टहँडलरच्या डंपमध्ये एखाद्या थ्रेडची सगळ्यात वरची ओळ सॉकेट किंवा एसएसएलमधल्या रीडची दिसली आणि मिनिटभराने पुन्हा तीच दिसली, तर चोर सापडला. टाइमआउटला (५, ३०) अशी जोडी द्या: जोडणीला ५ सेकंद, वाचायला ३०. यातले ३० सेकंद पूर्ण पान उतरण्याचे नसून काहीच न येता गेलेल्या वेळेचे आहेत. थेंबथेंब डेटा पाठवणारा सर्व्हर याहूनही जास्त वेळ खाऊ शकतो.

डंपमध्ये दोन थ्रेड लॉकच्या अ‍ॅक्वायरवर उभे दिसले आणि मिनिटभरानेही तिथेच दिसले, तर मात्र तो बहुधा डेडलॉक. एकाने पहिला लॉक धरून दुसरा मागितला, दुसऱ्याने दुसरा धरून पहिला. लॉक घेण्याचा क्रम सगळीकडे एकच ठेवला की तो सुटतो. एकच थ्रेड स्वतःच घेतलेल्या लॉकवर अडकला असेल तर साधा लॉक त्याच थ्रेडला दुसऱ्यांदा मिळत नाही हे लक्षात घ्या. त्यासाठी आरलॉक असतो.

शेवटी तुमच्या त्या मोजणीच्या व्हेरिएबलबद्दल, ज्यात प्रत्येक थ्रेड एक मिळवतो. 'जीआयएल (ग्लोबल इंटरप्रिटर लॉक, पायथनचा स्वतःचा आतला लॉक) आहे म्हणजे सुरक्षित' हे तुम्हाला कोणी सांगितलं असेल तर विसरा. जीआयएलमुळे सीपायथनमध्ये (आपण वापरतो तो नेहमीचा पायथन) एका वेळी एकच थ्रेड बाइटकोड, म्हणजे पायथनच्या आतल्या बारीक सूचना, चालवतो एवढंच. एक मिळवणं म्हणजे वाचणं, बेरीज करणं आणि परत लिहिणं. वाचणं आणि लिहिणं यांच्यामध्ये पाळी बदलली तर एक बेरीज हरवते. पायथन ३.१० पासून पाळी बदलायची की नाही हे मुख्यतः लूपच्या वळणावर आणि फंक्शन बोलवताना तपासलं जातं. त्यामुळे जुन्या ट्युटोरियलमधला चुकीचा कोड आज हजार वेळा चालवला तरी बरोबर उत्तर देतो आणि आपण निर्धास्त होतो. त्याच बेरजेत एखादं फंक्शन बोलवलं की आकडा पुन्हा घसरू शकतो. शंका असेल तर सिसमधल्या सेटस्विचइंटरव्हलने पाळीचा वेळ नेहमीच्या ५ मिलिसेकंदांवरून ०.००००१ सेकंदावर आणा आणि प्रोग्राम पुन्हा चालवा. लपलेली चूक वर यायची शक्यता खूप वाढते. जागोजागी प्रिंट टाकून ती शोधू नका. प्रिंटने थ्रेडचा वेळच बदलतो आणि चूक तेवढ्यापुरती गायब होते. लॉगिंग वापरा, फॉरमॅटमध्ये थ्रेडनेम घाला. ३.१३ पासून जीआयएल नसलेली पायथनची वेगळी बिल्डही मिळते. तिथे अशा चुका जास्त सहज उघड्या पडतील, म्हणून मोजणी आत्ताच मुख्य थ्रेडकडे द्या.

टाइमआउट आणि रिझल्ट एवढे दोन बदल करून एकदा चालवा. तरीही अडकला तर अडकलेल्या अवस्थेतला पूर्ण डंप, सगळ्या थ्रेडसकट, प्रश्नातच जोडा. नुसत्या कोडपेक्षा त्यावरून सांगणं मला सोपं जाईल.