एव्हरेस्टच्या वाटेवर नामचे बाजारमध्ये वीज कुठून येते? सोलर, डिझेल की नेपाळचा ग्रिड?

मुख्यतः तिन्हींपैकी एकही नाही. नामचे आणि आसपासच्या शेर्पा गावांना वीज मिळते ती ठामे खोऱ्यातल्या छोट्या जलविद्युत केंद्रातून. क्षमता सुमारे 620 किलोवॅट. 1990च्या दशकात ऑस्ट्रियाच्या मदतीने ते उभं राहिलं आणि खुंबू बिजुली कंपनी ही स्थानिक कंपनी ते चालवते. इतक्या डोंगरातून राष्ट्रीय ग्रिडच्या तारा ओढणं महाग. पाणी आणि उतार मात्र जागेवरच आहेत. मोठं धरण लागत नाही. ओढ्याचं पाणी वळवून पाइपातून खाली सोडायचं, की टर्बाइन फिरतं. हिशेब सोपा आहे: सेकंदाला 100 लिटर पाणी 50 मीटर उंचीवरून आलं आणि यंत्रणेची कार्यक्षमता 60 टक्के धरली, तर साधारण 29 किलोवॅट मिळतात. गावभर दिवे लावायला हे भरपूर, पण घरोघरी विजेच्या शेगड्या पेटल्या तर लगेच अपुरं. म्हणून नुसती क्षमता विचारू नका, संध्याकाळचा लोड किती तेही विचारा.

एक अडचण मात्र राहतेच. हिवाळ्यात ओढे आटतात, आणि वरच्या हिमतलावांचा धोका कायम असतो. ठामेजवळचा आधीचा, जवळपास पूर्ण झालेला प्रकल्प 4 ऑगस्ट 1985 रोजी डिग छो तलाव फुटून वाहून गेला होता.

ट्रेकला निघाला असाल तर गोरक्षेपसारख्या वरच्या मुक्कामांवर सोलरचाच आधार. तिथे मोबाइल चार्जिंगचे वेगळे पैसे मोजावे लागतात.