सेफ (Ceph, अनेक मशीनवर मिळून डेटा साठवणारे सॉफ्टवेअर) स्टोरेज क्लस्टरची सेटिंग कमांड लाइनवरून बदलली, तर डेमन (पार्श्वभूमीत सतत चालणारा प्रोग्राम) रीस्टार्ट केल्यावर ती टिकते का?

‘सेफ कॉन्फिग सेट’ने बदललेली सेटिंग रीस्टार्टनंतरही टिकते, ‘सेफ टेल’मधल्या ‘इंजेक्टआर्ग्ज’ने बदललेली मात्र डेमन चालू असेपर्यंतच राहते. कारण 2018 च्या मिमिक आवृत्तीपासून पहिली कमांड नवे मूल्य मॉनिटरांकडील (क्लस्टरच्या स्थितीची नोंद ठेवणाऱ्या डेमनांकडील) मध्यवर्ती डेटाबेसमध्ये नोंदवते आणि डेमन सुरू होताना ते तिथूनच घेतो, तर दुसरी केवळ मेमरीतले मूल्य बदलते. तथापि डेमनच्या मशीनवरील ‘सेफ डॉट कॉन्फ’ फाइलमध्ये तोच पर्याय लिहिलेला असल्यास फाइलच वरचढ ठरते, आणि अनेकांची फसगत नेमकी इथेच होते. म्हणून बदल केल्यावर ‘सेफ कॉन्फिग शो ओएसडी.0’ (ओएसडी.0 म्हणजे डिस्क सांभाळणारा एक डेमन) चालवून स्रोताच्या रकान्यात ‘मॉन’ (मॉनिटरांचा डेटाबेस) दिसते की ‘फाइल’, हे पाहावे.