शेती सांभाळून कुमारवयीन मुलांसाठी कादंबऱ्या लिहायची प्रेरणा कुठून मिळते? रोज लिहायला बसता का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, म्हणून ते आधी देते. नाही, रोज बसत नाही. मृगाचा पाऊस पडून गेला की वावरात सरकी लावायची घाई असते. त्या दिवसांत मी वही घेऊन बसले तर सासूबाई काय म्हणतील ते सोडा, माझी मलाच लाज वाटेल. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, राळेगाव-पांढरकवड्याच्या पट्ट्यात आहे. कापूस, सोयाबीन आणि तूर ही आमची पिकं. लिहिणं त्यांच्या मधल्या फटीत बसवावं लागतं. ते कसं बसवते, ते पुढे सांगते.

प्रेरणा हा शब्द मला जरा जड वाटतो. मी एवढंच करते, की मोठी माणसं जिथे विषय बदलतात ती जागा लक्षात ठेवते.

वेचणीच्या दिवसांत रविवारी शाळेच्या पोरीही वावरात येतात. बाया पातीत पुढे सरकत बोलत असतात. कोणाचं सोनं गहाण पडलं, कोणाच्या पोरीला पाहायला कुठले पाहुणे आले, असं चाललेलं असतं. एखादी पोरगी जवळ आली की आवाज खाली येतो आणि कोणीतरी म्हणतं, "जा वं, तू तिकडची पात धर." खरं तर पोरीला सगळं माहीत असतं. पीककर्ज थकल्याचा बँकेचा मेसेज मोबाईलवर आला तेव्हा बापाला तो तिनेच वाचून दाखवलेला असतो. आकडा तिला पाठ आहे, पण त्यावर तिला काय वाटतं हे कोणी विचारत नाही. बारा ते सतरा वर्षांच्या पोरांसाठी लिहायला मला एवढं पुरतं.

एक उदाहरण देते. 2018 साली आमच्या पट्ट्याचं नाव देशभर झालं ते टी-1 वाघिणीमुळे. बाहेरचे लोक तिला अवनी म्हणायचे. दोनेक वर्षांत 13 माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. तिला शोधायला हत्ती आणले, पॅराग्लायडर उडवला, तिला ओढून आणायला परदेशी अत्तर वापरल्याच्याही बातम्या आल्या. 2 नोव्हेंबरच्या रात्री ती मारली गेली. त्यानंतर टीव्हीवर दोन बाजू भांडत राहिल्या. मारायला नको होतं असं एक बाजू म्हणायची, मारलं ते बरं झालं असं दुसरी. आमच्याकडची पोरं एकाच वेळी दोन्ही बाजूंची होती आणि त्यात त्यांना काही विचित्र वाटत नव्हतं. जेवता जेवता एका पोराने विचारलं, "तिचे पिल्लं आता काय खात असतीन वो काकू?" त्याच्या घरची माणसं कित्येक महिने जीव मुठीत धरून वावरात गेली होती. "मुकाट्यानं जेव," असं त्याचे आजोबा म्हणाले. ते चुकले असं मी म्हणणार नाही. पण माझी कादंबरी तिथेच सुरू झाली. त्यात वाघीण कुठेच दिसत नाही. एक पोरगा आहे, त्याला पिल्लांची काळजी वाटते आणि घरात ते बोलायची सोय नाही, एवढंच कथानक.

दुसरी कादंबरी निळ्या बसची. मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या एसटी बस तुम्ही पाहिल्या असतील. मागास तालुक्यांतल्या बारावीपर्यंतच्या मुलींना त्या शाळेत नेतात-आणतात, तिकीट लागत नाही. बस आली नाही की पोरी फाट्यावर उभ्या राहतात आणि मग घरचे म्हणतात, "राहू दे एक दिवस." असे एक-एक दिवस किती झाले म्हणजे शाळा सुटते, याचा हिशेब मोठ्यांपैकी कोणी ठेवत नाही. पोरी ठेवतात.

आता जे लिहीत नाही त्याबद्दल. बाहेरून येणारा जवळपास प्रत्येक जण सुचवतो की शेतकरी आत्महत्येवर लिहा. ज्या घरात तसं घडलं आहे तिथल्या पोराकडे पाहून मला कथानक सुचत नाही, आणि सुचूही नये. कर्ज माझ्या गोष्टींत असतं, कारण ते घरात असतं. पण पुस्तकातला खेड्यातला पोरगा कायम फाटका, रडवेला आणि गुणी असला की खेड्यातलीच पोरं ते पुस्तक मिटून ठेवतात. त्यांना आळशी पोरगा हवा असतो, भांडखोर पोरगी हवी असते, रील बनवायच्या नादात बैल सुटू देणारा कोणीतरी हवा असतो. माझ्या एका पात्राच्या खिशात खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची पुडी सापडते म्हणून एका शिक्षकांनी नाक मुरडलं होतं. पुडी मी तशीच ठेवली. पानठेला शाळेच्या रस्त्यावर आहे, तो मी तिथे नेऊन ठेवलेला नाही.

लिहिण्याचं वेळापत्रक आभाळ ठरवतं. ऑगस्टमध्ये झड लागली की वावरात पाय घालता येत नाही. ते माझे सगळ्यात चांगले दिवस. नवी गोष्ट तेव्हा सुचते, पण मी लगेच प्रकरणं पाडत नाही. दोन पोरांचं नुसतं बोलणं लिहीत जाते. विषय कुठलाही चालतो, सायकलची हवा, गणिताचा पेपर, कोणाच्या बहिणीचं लग्न. बोलता बोलता दोघांपैकी एक जण काहीतरी लपवतोय असं लक्षात येतं आणि मग कादंबरी कोणाची ते कळतं. याच दिवसांत गावाचा नकाशा काढते. विहीर, नाला, शाळा, फाटा, आणि मोबाईलला रेंज कुठे येते ते ठिकाण. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. आमच्याकडे रेंज पाण्याच्या टाकीजवळ येते, म्हणून गावातली सगळी गुपितं तिथे बोलली जातात. आजच्या पोरांची गोष्ट लिहिताना हे सुटलं तर ती तुमच्या लहानपणाची गोष्ट होते.

सोयाबीनची काढणी आणि वेचणी चालू असेपर्यंत फक्त टिपणं होतात. धुऱ्यावर बसून मोबाईलमध्ये बोलून ठेवते. बोललेलं टाइप करणारा कीबोर्ड वऱ्हाडी ऐकून गांगरतो आणि भलतंच लिहितो, म्हणून आता नुसतं रेकॉर्ड करते. खरं लिखाण कापसाची उलंगवाडी, म्हणजे शेवटची वेचणी, झाल्यावर. फेब्रुवारीपासून अक्षय तृतीयेपर्यंत पहाटे उठून, घर जागं व्हायच्या आत, स्वयंपाकघरातच बसते. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास गेला की दुपारी डोकं चालत नाही. कूलरपुढे बसावं तर कागद उडतात.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मात्र एक काम होतं. आमच्या गावातल्या ड वर्ग, म्हणजे सगळ्यात लहान दर्जाच्या वाचनालयाच्या ओट्यावर संध्याकाळी पोरांना प्रकरणं वाचून दाखवते. कुठे हसतात तिकडे माझं फार लक्ष नसतं. पोरं कशालाही हसतात. वाचता वाचता ती एकमेकांकडे चोरून पाहतात त्या ओळीखाली मी पेन्सिलीची रेघ मारते. ती ओळ काही झालं तरी राहते. आणि मोबाईल बाहेर निघाले ते पान जातं. हे मी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांतून उचललं. माहेरचे नातेवाईक वडसा-ब्रह्मपुरीकडचे, तिकडे दिवाळीनंतर रात्र-रात्रभर नाटकं चालतात. पहाटे तीनला पेंगणाऱ्या माणसाला उठवून बसवायचं कसं, हे तिथल्या लेखकांना चांगलं कळतं.

भाषेबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण नवीन लिहिणारे इथेच अडखळतात म्हणून सांगते. माझं निवेदन साध्या मराठीत असतं आणि पोरं जशी बोलतात तशीच बोलतात, मले, तुले, कायले. पुण्या-सांगलीच्या वाचकाला दोन पानांनंतर काही अडत नाही. अडचण उलटीच आली. आमच्याच पोरांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दर संवादाला हसली, कारण आपली बोली त्यांनी तोवर विनोदातच ऐकली होती. तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात पोरगी त्याच बोलीत बापाशी भांडते, तेव्हा हसू थांबलं. म्हणून आता पहिल्या पानावर मुद्दाम एक गंभीर संवाद घालते.

तुम्हाला स्वतःला लिहायचं असेल तर एकदम कादंबरीला हात घालू नका, आधी एक छोटी कथा लिहा. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. दहा-पंधरा अंक सलग वाचले की कोणत्या काळात पोरांना काय सांगितलं गेलं आणि काय टाळलं गेलं, दोन्ही दिसतं. टाळलेल्याची यादी करा. तुमचा विषय बहुधा त्यात सापडेल.

कॉम्प्युटर लागतोच असं नाही. माझ्याकडे नाही. वहीतलं सगळं पुतणी टाइप करून देते, बारावीला आहे. पानामागे पैसे घेते आणि "पोरी असं बोलत नसतात काकू" म्हणून काही वाक्यं टाइप करायला सरळ नकार देते. त्यावर आमची कडाक्याची भांडणं होतात, आणि बहुतेक वेळा वाक्य माझंच जातं.