निवडू नकोस

गो बाय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. आत्याच्या माळ्यावर तिनं बांधलेल्या घरांच्या नकाशांचे ऐंशीएक रोल निघाले, वहिनींना खोली हवी आहे, आणि तू म्हणतेस, 'चांगली पन्नास ड्रॉइंग्ज स्कॅन करते, बाकी रद्दीत.' निवडू नकोस.

चांगलं म्हणजे कुठलं? रंगवलेला दर्शनी भाग? तो कुणीही जपतं. चिऱ्याचं बिल, मिस्त्रीला लिहिलेलं पोस्टकार्ड, लग्नपत्रिकेच्या पाठीवर पेन्सिलीनं काढलेला जिना, आत्याचं डोकं कसं चालायचं ते तिथे आहे.

मी निवडलंय. मी पहिल्यांदा ज्यांच्या हाताखाली काम केलं त्या वास्तुरचनाकार बाईंनी ऑफिस बंद केलं तेव्हा मी चाळीस शीट ठेवल्या आणि चौदा गठ्ठे किलोवर घातले. वीस वर्षांनी एका घरावरून वाद निघाला, ते बाईंचं की त्यांच्या भागीदारांचं? शीटच्या कोपऱ्यातल्या पट्टीत सही भागीदारांची. बाईंनी साइटवर धाडलेल्या चिठ्ठ्या त्या गठ्ठ्यांत होत्या, मला पक्कं आठवतं. पण माझ्या आठवणीला कोण विचारतो? जागाच नव्हती गो. दहा बाय बाराची खोली, त्यात सासूबाईंची खाट. हे कारण मला स्वतःलाही पुरत नाही, तुला काय पुरणार!

नवी मुंबई म्हटली की लोक वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांचं नाव घेतात. 1960च्या दशकात हे शहर वसवायचा प्रस्ताव मांडणाऱ्या तिघांत त्यांच्याबरोबर शिरीष पटेल होते, तशाच वास्तुरचनाकार प्रवीणा मेहताही होत्या. एवढ्या मोठ्या बाईचं नाव मागे पडतं, तर दापोली-गुहागरला घरं बांधणाऱ्या आत्याचं काय? अमेरिकेत व्हर्जिनिया टेक विद्यापीठात मिल्का ब्लिझ्नाकोव्ह यांनी 1985 साली जगभरच्या स्त्री-वास्तुरचनाकारांच्या कागदांसाठी संग्रह उभा केला, तो हेच कागद नाहीसे होताना पाहून. तिथे पाठवायचं की इथेच ठेवायचं, ते पुढचं पुढे. आधी कागद तर राहू देत.

रोल जसे बांधलेत तसेच ठेव. सोडण्याआधी फोटो काढ, कुठल्या ट्रंकेत कुठला ते वहीत लिही. नंबर पाठीमागे, मऊ पेन्सिलीनं; बॉलपेन जवळ आणू नकोस. फाटलेल्या ट्रेसिंग पेपरला सेलोटेप लावलीस तर मी बोलायची नाही. अमोनिया प्रिंट, म्हणजे अमोनियाच्या वाफेवर काढलेल्या नकाशांच्या नकला, ट्रेसिंगला चिकटून ठेवू नयेत, डाग पडतात. त्या वेगळ्या गुंडाळ, पण वहीत जोडी लिहून ठेव. वेगळं ठेवणं निराळं, निवडणं निराळं. कसर लागलेला रोलसुद्धा टाकायचा नाही, फक्त बाजूला ठेवायचा. आणि प्लास्टिकच्या पिशव्यांत कोंबू नकोस, आपल्या हवेत आतून बुरशी धरते.

स्कॅन कर, नको कोण म्हणतंय? पण स्कॅन झालं म्हणून मूळ कागद रद्दीत नाही. किती वेळा सांगू?

मृग लागायच्या आत माळा उतरव. वहिनींना दुखवू नकोस, त्यांचीही अडचण खरी आहे. अगदीच थांबत नसतील तर टेम्पो कर आणि सगळं माझ्याकडे घेऊन ये. पडवीतली खोली रिकामी आहे, कौलं गेल्याच महिन्यात चाळून घेतलीत. लग्नपत्रिकाही आण.