पोटावरच्या गाठी आणि तुझा हेल्थ टॉक

प्रिय स्नेहल (नाव बदललं आहे),

बी.एस्सी. नर्सिंगचं तिसरं सेमिस्टर, मेल मेडिकल वॉर्डातली पोस्टिंग, दिवसभर टीपीआर (ताप, नाडी, श्वास), बीपी आणि गोळ्या. स्टाफ सिस्टर म्हणतात, ‘आधी राउंडची तयारी कर, गप्पा नंतर.’ घरून फोन येतो, ‘सोड ते, पुन्हा नीटची परीक्षा दे, एमबीबीएस नाही तर निदान बीएएमएस तरी.’ सोडू का, आणि नाही सोडलं तर मेडिकल-सर्जिकलमध्ये (मोठ्या माणसांचे आजार आणि ऑपरेशनं यांच्या नर्सिंगमध्ये) पुढे काही आहे का, असं तू विचारलं आहेस.

घरच्यांचं आधी उरकू. बीएएमएस म्हणजे इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, तीही नीटमध्ये पुरेसे गुण पडले तर. निदान करायची, औषध लिहायची ओढ असेल तर जरूर जा. पण तुझ्या चार पानी पत्रात ती ओढ मला दिसली नाही. त्यातलं दीड पान आहे शुगरच्या एका काकांवर. तू चार्ट लावून त्यांना इन्सुलिनबद्दल सगळं सांगितलंस, त्यांनी मान डोलावली. महिन्याभराने पुन्हा भरती झाले तेव्हा बेंबीच्या उजवीकडे एकाच जागी टोचून टोचून गाठी झालेल्या. ‘मी सगळं सांगितलं होतं, मॅडम,’ असं तू लिहितेस.

सांगितलं होतंस, करून घेतलं नव्हतंस. गाठीतून इन्सुलिन धड शोषलं जात नाही. शुगर वर राहते, मग डोस वाढतो, आणि एखाद्या दिवशी चांगल्या जागी टोचलं की शुगर एकदम खाली येऊन माणूस घामाघूम होऊन थरथरायला लागतो. हे तुझ्या पुस्तकात आहे. पण काकांना इन्सुलिनच्या पेनवरचे आकडे चष्म्याशिवाय दिसतात का? घरी टोचतं कोण, ते स्वतः की सूनबाई? (सूनबाई असतील तर शिकवायचं त्यांना, आणि त्या भेटायच्या वेळेतच सापडणार.) त्याच जागी का टोचत होते? विचारलंस तर बहुधा उत्तर येईल, ‘तिथं दुखत नाही.’ गाठीवर टोचलेलं खरंच कमी दुखतं. हे कारण समजून न घेता ‘जागा बदला’ म्हणत राहिलीस, तर काका मान डोलावतील आणि तिथंच टोचतील.

पुढच्या वेळी चार्ट राहू दे. डोसच्या वेळी स्टाफ सिस्टरना विचारून पेन काकांच्याच हातात दे. ‘काका, घरी कसं घेता ते दाखवा,’ म्हण आणि गप्प उभी राहा. जागा कुठली निवडतात, बटण दाबल्यावर दहा अंक मोजेपर्यंत सुई आत ठेवतात का, सुई बदलतात का की आठवडाभर एकच. जिथे चुकलं तेवढंच सांग आणि पुन्हा करून दाखवायला लाव. आणखी एक विचार: ‘एकादशीला काय करता?’ खाणं टळलं आणि डोस तोच राहिला तर शुगर खाली येते, साबुदाण्याची खिचडी दोनदा झाली तर वर जाते. डोस बदलणं तुझ्या अखत्यारीत नाही. पण काका महिन्यातून दोन उपवास करतात हे राउंडला डॉक्टरांच्या कानावर घालणं नक्कीच आहे, कारण केस पेपरवर ते सहसा कुणी लिहीत नाही. घाम, थरथर सुरू झाली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची आणि पंधरा मिनिटांनी शुगर पुन्हा तपासायची, हे त्यांच्याकडून वदवून घे. नोंदीतही ‘हेल्थ एज्युकेशन दिले’ एवढंच नको. काकांनी स्वतः काय करून दाखवलं ते लिही.

वेळ नाही म्हणतेस. वॉर्डात वेळ नसतो हे खरंच आहे आणि ती तुझी चूक नाही. म्हणूनच गोळी देताना, ड्रेसिंग करताना बोलायचं. सर्जिकलला गेलीस की एक लक्षात ठेव: पोटावर उशी दाबून खोकायचं कसं, दीर्घ श्वास कसा घ्यायचा, कुशीवर वळून कसं उठायचं हे ऑपरेशनच्या आदल्या दिवशी शिकवायचं. नंतर वेदनेत माणूस ऐकत नाही, आणि डिस्चार्जच्या दिवशी तर नातेवाईकांचं सगळं लक्ष बिलाकडे आणि रिक्षाकडे.

आता पुढचं. बी.एस्सी.नंतर एक वर्षाचा अनुभव आणि 55 टक्के असले की एम.एस्सी.ला मेडिकल-सर्जिकल घेता येतं, त्यातही हृदयरोग, कॅन्सर, मूत्रपिंड, मेंदूविकार, अस्थिरोग अशा शाखा आहेत. तुझ्या पत्रावरून मला कॅन्सर किंवा मूत्रपिंडाचा विभाग सुचतो. तिथे रुग्ण महिनोन्‌महिने येत राहतो, स्टोमाची (शौचासाठी पोटावर केलेल्या वाटेची) पिशवी किंवा डायलिसिसचा फिस्टुला (त्यासाठी हातात जोडलेली रक्तवाहिनी) जपायला शिकवणं हेच मोठं काम असतं. आयसीयूची हौस असेल तर क्रिटिकल केअरचा दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रमही आहे. पण तिथे बहुतेक रुग्ण बोलण्याच्या अवस्थेत नसतात, आणि तुला बोलायला आवडतं. सरकारी नोकरीसाठी एम्सची नॉरसेट ही भरती परीक्षा आहे. बी.एस्सी.वाल्यांना तिथे अनुभवाची अट नाही, पण नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हवी. अमेरिकेसाठी एनक्लेक्स ही तिथली नर्सिंग परवान्याची परीक्षा, जर्मनीसाठी आधी जर्मन भाषा. ते चौथ्या वर्षी बघू.

खासगीत पहिला पगार कमी असतो, नाइट्स असतात, हे घरी आत्ताच सांगून ठेव. मुलाखतीत विचार: रात्री एका नर्सकडे किती रुग्ण, आणि बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) आहे का. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतो म्हणाले तर देऊ नकोस. मूळ दाखवायची आणि झेरॉक्स द्यायची.