पक्षी-शिक्षणाची इंटर्नशिप: अडकलेली परवानगी, चाळीस मुलं आणि चार दुर्बिणी

तुम्ही लिहिलंय की डिसेंबर ते फेब्रुवारी अशी इंटर्नशिप आहे, भिगवण भागातल्या सहा जिल्हा परिषद शाळा वाट्याला आल्यात, सहावी ते आठवीची चाळीसेक मुलं एका वेळी, दुर्बिणी चार, आणि उजनी धरणाच्या काठावर मुलांना न्यायची परवानगी तीन आठवडे 'वर' पडून आहे. वाचून पोटात कालवलं. याच कागदापायी माझा अख्खा हंगाम गेला होता, म्हणून सविस्तर लिहितेय. सादरीकरण कसं करायचं, पुस्तक कुठलं घ्यायचं हे तुम्हाला ठाऊक असणारच, ते सोडते.

आधी तुमच्या अर्जाचा विषय वाचा. त्यात 'शैक्षणिक सहल' लिहिलंय का? मला सगळ्यात महागात पडलेला शब्द तो. सहल म्हटली की कागद सहलीच्या फाइलीत जातो. मग बसची कागदपत्रं, पालकांची हमीपत्रं, सोबतच्या शिक्षकांची यादी असं सगळं मागितलं जातं, तेही एकदम नाही, दर खेपेला एक त्रुटी काढून. शाळेपासून चालत जाण्याजोग्या काठावर जायचं होतं, बसचा प्रश्नच नव्हता. पण 'हा शब्द बदलून आणा' एवढं शिक्षण विभागाच्या कार्यालयात पाच आठवडे कुणी सांगितलं नाही. मंजुरी आली तेव्हा मार्च संपत आला होता आणि बदकं उत्तरेकडे निघून गेली होती. त्याचा राग मला अजून आहे. 'अभ्यासक्रमांतर्गत क्षेत्रभेट' असं लिहा, त्यात अंतर, जाण्या-येण्याची वेळ आणि 'पायी' हे स्पष्ट असू द्या.

अर्ज तुमच्या संस्थेच्या लेटरहेडवर नको. शाळेच्या लेटरहेडवर, मुख्याध्यापकांच्या सहीने, जावक क्रमांक घालून, केंद्रप्रमुखांमार्फत जाऊ द्या. संस्थेचं पत्र सोबत जोडा. दोन प्रती न्या, बारनिशीत (आवक-जावक टेबलावर) द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका. पोच नसेल तर तो कागद तिथे पोचलेलाच नाही असं धरून चाला. व्हॉट्सॲपवरच्या 'बघतो' ला काही किंमत नसते. (मी नियमांची जाणकार नाही, तालुक्यागणिक पद्धत बदलते. आधी केंद्रप्रमुखांनाच विचारा.) काठाची जमीन कुणाची, हेही पाहून ठेवा: धरणाचा काठ जलसंपदा विभागाकडे, नांदूरमधमेश्वरसारखं अभयारण्य असेल तर वनविभागाकडे.

तुमचे तीन आठवडे गेले, तरी रोहित (फ्लेमिंगो) गेलेले नाहीत. धरण तुडुंब असताना ते मोठ्या संख्येनं येतच नाहीत. चोच उलटी करून उथळ पाण्यातून गाळून खाणारा पक्षी तो. पाणी ओसरून दलदल उघडी पडली की येतो आणि उन्हाळ्यापर्यंत राहतो. म्हणून मुलांना डिसेंबरात रोहितचं आमिष दाखवू नका. थापट्या, चक्रवाक, वारकरी, शेकाट्या, नदी सुरय एवढ्यावर दोन तास सहज जातात.

परवानगी येईपर्यंत शाळेचं आवार वापरा, त्याला कुणाचा कागद लागत नाही. आठवड्यातून तीनदा, ठरलेल्या वेळी, १५ मिनिटं, दिसलेला प्रत्येक पक्षी आणि त्याची संख्या. मुलं गावातली नावं सांगतील, ती खोडू नका, तशीच लिहून घ्या, पुस्तकातलं नाव शेजारी. फेब्रुवारीतल्या चार दिवसांच्या पक्षीगणनेत अशीच यादी ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींचं संकेतस्थळ) चढवता येते. फक्त एका गटाची एकच यादी, शिक्षकांच्या खात्यातून. चाळीस जणांनी तेच पक्षी वेगवेगळे चढवले तर एका भारद्वाजाचे चाळीस होतात आणि ती नोंद कुणाच्या कामाची राहत नाही.

मोजायला ज्वारीनं शिकवा. मूठभर दाणे कागदावर टाका, तीन सेकंद दाखवून झाका, अंदाज लिहायला लावा, मग मोजा. पहिल्या खेपेला ३०० दाण्यांना बहुतेक मुलं शंभर म्हणतात. मग दहा दाणे किती जागा घेतात ते डोळ्यात बसवायचं आणि त्या मापानं पुढं सरकायचं. तीनचार दिवसांत हात बसतो. काठावर बदकांचा थवा असाच मोजतात.

चार दुर्बिणींत चाळीस मुलं जमणार नाहीत, हे मार्गदर्शकांना स्पष्ट सांगा. एका खेपेला जास्तीत जास्त २४, सहासहाचे चार गट. गटात एक जण बघणारा, एक वर्णन सांगणारा, एक लिहिणारा, बाकीचे उघड्या डोळ्यांनी शोधणारे, दर पाच मिनिटांनी बदल. मुलांसाठी ८x३२ (आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ३२ मिमीचं) बरी, ८x४२ मानेला जड होते. आदल्या दिवशी वर्गात सराव घ्या: दोन्ही नळ्या जवळ-लांब करून एकच गोल दिसेपर्यंत जुळवायच्या, उजवा डोळा मिटून मधलं चाक, मग डावा मिटून उजव्या भिंगाचं कडं. चष्मा असेल तर रबरी कप खाली. आणि नजर पक्ष्यावरून न काढता दुर्बीण डोळ्यांशी आणायची. मुलं आधी दुर्बीण लावतात, मग पक्षी शोधतात, म्हणून 'दिसतच नाही' म्हणत कंटाळतात. सकाळी पूर्व काठावर पश्चिमेकडे तोंड करून उभं राहा. ऊन पाठीवर हवं, आणि दुर्बीण सूर्याकडे वळता कामा नये, इथे सवलत नाही.

दिवस शनिवारचा घ्या, शाळा सकाळची असते. ७:३० ते ९:३० पुरे, नंतर पाण्यावरची हवा थरथरते आणि लांबचं काही नीट दिसत नाही. आदल्या शनिवारी त्याच वेळी एकट्यानं जाऊन या. मुलींना लघवीला जायची सोय कुठे आहे, झाडावर आग्या मोहोळ आहे का, हे तेव्हाच बघायचं. ओसरलेल्या पाण्याकाठचा गाळ वरून वाळून तडकलेला असतो, चालण्याजोगा वाटतो आणि पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. पाण्यापासून दहा मीटरवर दोरी ताणा. होडीत मुलं बसवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. काही नावाडी फोटोसाठी थव्यावर होडी घालतात, आणि मुलं नेमकं तेच शिकून येतात.

गलोल असलेला पोरगा प्रत्येक शाळेत भेटेल. त्याला रागावू नका, गटाचा शोधणारा करा. पक्षी कुठे बसतो हे त्याला तुमच्याहून जास्त कळतं. घरट्याचा फोटो किंवा ठिकाण मात्र कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. मुलांचे फोटोही पालकांच्या लेखी संमतीशिवाय नकोत.

संक्रांत तोंडावर आहे, मांज्यात अडकलेला पक्षी मुलं घेऊन येतील. पंखातला दोरा ओढू नका, पक्ष्यापासून थोडा सोडून कापा. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात ठेवा, चोचीत पाणी-दूध घालू नका आणि वनविभागाच्या १९२६ वर फोन करा. हा नंबर सहाही शाळांच्या फळ्यावर आत्ताच लिहून ठेवा.

अर्जाची पोच हातात आली की इथेच कळवा. दोन आठवड्यांनी स्मरणपत्र कसं लिहायचं ते तेव्हा सांगते, त्यात आवक क्रमांक लागतो.